न दिलेला खुलासा

खोत साहेबांनी पेपर माझ्यासमोर सरकवला आणि स्वतः खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

बातमी पहिल्याच पानावर होती. 'रेवती कुकरचा भीषण स्फोट, विवाहिता गंभीर'. शेजारी चेपलेल्या कुकरचा फोटो. झाकणावरचं आमच्या कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"वाचलंत?"

"वाचलं, साहेब."

"मग सांगा काय करायचं. असल्याच वेळेसाठी तुम्हाला घेतलंय नव्हं आपण?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भूपाल खोत म्हणजे सांगलीच्या पेठेतल्या भांड्यांच्या दुकानदाराचा मुलगा. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कुकरचा कारखाना काढला होता. मी तिथे जनसंपर्क अधिकारी म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. तोवर माझं काम म्हणजे कॅलेंडर छापून घेणं, दिवाळीच्या जाहिराती आणि महिला मंडळांच्या पाककृती स्पर्धा. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा टीव्हीवर दिवसभर बातम्या नसायच्या. पण आमच्या भागात सकाळच्या पेपरात आलं की ते खरं, अशी लोकांची समजूत पक्की होती.

विक्रीप्रमुख सबनीस आत आले ते बोलतच आले. "साहेब, डीलरांचे फोन थांबत नाहीयेत. दुकानाच्या बाहेर मांडलेले कुकर आत नेले लोकांनी. आजच्या आज खुलासा द्यायला हवा. बाईनं निष्काळजीपणानं वापरला, एवढं छापून आणा, आवटी मॅडम. तुमच्या ओळखी आहेत ना?"

"ती बाई दवाखान्यात आहे, सबनीस," मी म्हणाले. "आपण न बघता तिच्यावर ढकललं आणि उद्या आपलाच माल खराब निघाला, तर? आधी मला तिथे जाऊ द्या. मुजावरांना बरोबर घेते."

साहेब वळले. "जावा. आधी त्या बाईला बघा. कुकर मग."

हारून मुजावर आमचे गुणवत्ता विभागाचे इंजिनिअर. कारखान्यातून बाहेर जाणारा प्रत्येक माल त्यांच्या सहीनं जायचा, त्यामुळे ते सकाळपासून गप्प होते. गाडीत एकदाच बोलले. "मॅडम, चूक माझ्याकडची निघाली तर तसंच लिहा. लपवू नका."

हिरेगाव हे सीमेजवळचं तालुक्याचं गाव. घर सापडायला वेळ लागला नाही, दारात बघ्यांची गर्दी होती. भाजलेल्या मुलीचं नाव वैजयंता. तिचा नवरा रमाकांत आम्हाला बघताच पुढे झाला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात तयार.

"या, या. कंपनीवाले ना? बघा तुमच्या मालाचे प्रताप. डाळ लावली होती हो तिनं नुसती. धाडकन आवाज झाला. पेपरवाल्यांना मीच बोलावलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या बायकोवर अशी पाळी नको."

कुकर त्यानं सोप्यात स्टुलावर मांडून ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. मुजावरांनी परवानगी विचारून तो हातात घेतला. झाकण उलटसुलट केलं, रिंग बोटानं चाचपली, सेफ्टी व्हॉल्व्हकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "स्वयंपाकघर बघू का?"

स्वयंपाकघर लहान आणि अंधारं होतं. शेगडी ओट्यावर. मुजावर शेगडीजवळ उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली. मीही वर बघितलं. काळपट कौलं, वाशांमधून लोंबणारी जळमटं. मला त्यात विशेष काही दिसलं नाही.

गाडी गावाबाहेर आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, हा कुकर फुटलेलाच नाही."

"म्हणजे?"

"आतल्या वाफेनं फुटला असता तर व्हॉल्व्ह उडाला असता, झाकणाच्या कडा वाकल्या असत्या. यातलं काहीही झालेलं नाही. चेपलाय तो बाहेरून. हातोड्यानं म्हणा, दगडानं म्हणा. आणि डाळ शिजत असताना कुकर उडाला तर डाळ छपराला जाऊन चिकटते. तिथं जळमटंसुद्धा हललेली नाहीत."

मी सीटवर जवळजवळ उडालेच. "म्हणजे आपण सुटलो! मुजावर, हे तुम्ही लेखी द्या. उद्याच्या उद्या पत्रकार परिषद घेते."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग हळूच म्हणाले, "देतो की. पण मग ती बाई भाजली कशानं?"

मी ड्रायव्हरला गाडी दवाखान्याकडे घ्यायला सांगितलं.

सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर वैजयंता होती. मान, छाती आणि डावा हात पट्ट्यांत. चोविशीची असेल. उशाशी सासू बसली होती आणि सासूच्या मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी. मी कोण ते सांगितलं. सासूनं लगेच डोळ्यांना पदर लावला.

"सांग गं मॅडमना, काय झालं ते."

"कुकर फुटला," वैजयंता म्हणाली. पाठ केलेली कविता म्हणावी तशी.

"काय शिजत होतं?"

"भात."

सासू चटकन म्हणाली, "डाळ, डाळ. शुद्धीत नाही ती अजून."

माझं लक्ष वैजयंताच्या केसांकडे गेलं. कानामागचे केस जळून आखडले होते, एक भुवई जवळजवळ नव्हती. काही महिन्यांपूर्वी आमच्याच कॅन्टीनमधल्या बाईचा हात वाफेनं भाजला होता, तो मी बघितला होता. वाफेनं कातडी सोलवटते. केस जळत नाहीत.

मुजावर दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. ते पुढे येऊन सासूला म्हणाले, "आजी, जरा बाहेर येता? कुकर कधी घेतला, कुठल्या दुकानातनं घेतला, ते सगळं तुमच्याकडनं लिहून घ्यायचंय. भरपाईच्या कागदाला लागतं." भरपाई म्हटल्यावर ती उठली. मुलीला मात्र कडेवर घेऊनच गेली.

मी खाटेवर वाकले. "वैजयंता, कुकर फुटला नाही हे आम्हाला कळलंय."

तिचे डोळे एकदम मोठे झाले. चांगल्या हातानं तिनं माझं मनगट धरलं. त्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"असं म्हणू नका, मॅडम. पेपरात देऊ नका. तुमच्या पाया पडते."

"कुणी केलं हे?"

ती दाराकडे बघत राहिली. "राणी त्यांच्याकडं हाय. ते म्हणालेत, तोंड उघडलंस तर पोरगी तुला दिसायची न्हाई. पोलीस आलते तवा बी मी कुकरच सांगितला. सासू हितंच बसली होती."

"माहेरी कोण आहे?"

"भाऊ हाय. श्रीमंत नावाचा. मिरज डेपोत कंडक्टर. त्याला यांनी कळवलंच न्हाई." मग म्हणाली, "मी मेले तरी चालंल. पोरगी त्या घरात नको."

बाहेर सासूचा आवाज जवळ येऊ लागला, तसं तिनं माझं मनगट सोडलं.

संध्याकाळी साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. मुजावरांनी कुकरचं सांगितलं, मी वॉर्डातलं. सबनीसांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट मनुष्य नव्हते. पण कारखान्यातल्या साऱ्या लोकांच्या चुली विक्रीवर पेटतात, हे त्यांच्या डोक्यातून कधी जात नसे.

"मला त्या मुलीचं वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण साहेब, खरं आपल्या बाजूनं आहे. खरं सांगायला कसली चोरी? मुजावरांचा अहवाल द्या पेपरला. पुढचं पोलीस बघतील."

"अहवाल छापून आला," मी म्हणाले, "की पहिला प्रश्न त्या घरात जाईल. कुकर नाही तर मग काय? आणि पोरगी त्याच घरात आहे. तिची आई पोलिसांपुढे पुन्हा कुकरच सांगेल, मुलीपायी. मग आपणही खोटे ठरू आणि तीही."

"मग किती दिवस गप्प बसायचं? गप्प बसणं म्हणजे कबुलीच की!"

खोत साहेब इतका वेळ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत होते. "केवढी आहे पोरगी?"

"तीनेक वर्षांची."

"चालत असंल, बोलत असंल." त्यांनी काचेवरचं बोट उचललं. "पोरगी तिच्या मामाकडं पोचूस्तवर आपण कुकरबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. सबनीस, डीलरांना मी स्वतः फोन करतो. शिव्या खातो. मॅडम, पोरगी तिथनं बाहेर कशी काढायची, तेवढं तुम्ही बघा."

"मी?"

"लोकांना पाहिजे ते दाखवायचं, हाच धंदा ना तुमचा?"

ते सहज बोलून गेले, पण मला तिथूनच वाट सुचली. रमाकांतला काय पाहिजे होतं? गाजावाजा आणि भरपाई. मग त्याला गाजावाजाच द्यायचा.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत आमचं निवेदन आलं. ते लिहायला मला खूप वेळ लागला, कारण त्यात खोटं एक वाक्य नको होतं आणि खरं सगळं सांगायचं नव्हतं. 'आमचा कुकर वापरणाऱ्या घरातील एक भगिनी गंभीर भाजली आहे. तिच्यावर मिरजेतील चांगल्या रुग्णालयात उपचार व्हावेत, यासाठी कंपनी पुढाकार घेत आहे. सर्व ग्राहकांना आपल्या कुकरची तपासणी जवळच्या विक्रेत्याकडे मोफत करून मिळेल.'

पेपरला पाठवण्याआधी सबनीसांनी ते दोनदा वाचलं होतं. "यात आपली चूक नाही, असं कुठं आहे?"

"नाहीये."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि ते निघून गेले.

रमाकांत एका फोनवर तयार झाला. मोठा दवाखाना म्हणजे मोठी भरपाई, असा त्याचा हिशोब असणार. साहेब स्वतः येणार, फोटो निघणार, हे ऐकून तर तो खूशच झाला. मग मी मिरज डेपोत जाऊन श्रीमंतला गाठलं. खाकी कपड्यांतला सडपातळ मुलगा, बहिणीपेक्षा धाकटा. मी सांगत गेले तसा तो बसच्या चाकाशी खाली बसला. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पेशंट इथे आली की जबाबासाठी मॅजिस्ट्रेटना मी बोलावते. घरचं कुणी खोलीत राहणार नाही, ते माझ्यावर सोडा. पण लेकरू तुम्ही आणायचं."

हलवायच्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या आवारात माणसं जमली होती. ननावरे म्हणून एक तरुण वार्ताहर आणि त्याचा फोटोग्राफर माझ्या निरोपावरून आले होते. त्यांना आतलं काही माहीत नव्हतं. वैजयंताला स्ट्रेचरवरून बाहेर आणताना मी तिच्या कानाशी म्हणाले, "भाऊ तिकडे थांबलाय. राणी तुझ्याबरोबर येईल. तोवर गप्प राहा." तिनं डोळे मिटले आणि उघडले.

सासू मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मी म्हणाले, "आजी, हिला आईजवळ बसवू या. फोटो काढायचाय."

"नको. भितीय ती पट्ट्यांना. माझ्याजवळच बरी."

"थोडा वेळच."

"म्हटलं ना, नको!"

आणखी आग्रह करावा तर तिला संशय येणार. तेवढ्यात ननावरे वैतागून म्हणाला, "अहो आजी, द्या की लेकराला आईपाशी. रिकामा फोटो कोण छापणार?" रमाकांतनंही आईला खूण केली. तिनं मुलीला माझ्या हातात दिलं. मी रुग्णवाहिकेत चढले आणि राणीला वैजयंताच्या चांगल्या हाताशी बसवलं.

"साहेब, तुम्ही जरा पुढे व्हा," फोटोग्राफर म्हणाला. "हात जोडा. हां, असे."

खोत साहेबांनी हात जोडले. सगळ्या गावासमोर, वैजयंताच्या पायाशी उभं राहून, मान खाली घालून. ज्यांचा काही दोष नव्हता ते दोषी असल्यासारखे उभे होते आणि कॅमेरा खटखट वाजत होता. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आता हात जोडून काय उपयोग?" ते हलले नाहीत.

फोटो झाल्यावर सासूनं मुलीला घ्यायला हात पुढे केले. मी आतून दार ओढून घेतलं. "आजी, तुम्ही मागून गाडीत या! पेशंटला उशीर नको!"

ती दारावर हात मारायला पुढे झाली, तर साहेब मधे उभे होते. "आई, तुम्ही दोघं माझ्या गाडीत बसा. भरपाईचं निवांत बोलू. डायव्हर, दार उघड." एवढंच मला ऐकू आलं. गाडी सुटली.

वाटेत राणी आधी रडली, मग आईच्या बोटांशी खेळत बसली. "आई, दुकतंय?" तिनं विचारलं.

"न्हाई," वैजयंता म्हणाली. बाकी सगळ्या रस्त्यात ती त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

रुग्णालयाच्या मागच्या दाराशी श्रीमंत उभा होता. त्यानं राणीला घेतलं. आधी बहिणीकडे बघायची त्याची हिंमतच होईना. मग त्यानं तिच्या पायाला हात लावला आणि पोरीला घेऊन गेला. ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत वैजयंता बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जबाब कुणाला द्यायचा, त्यांना बोलवा. आता सांगते."

खोत साहेबांची गाडी पोचायला फार उशीर झाला. वाटेत त्यांनी मायलेकांना आधी चहा पाजला, मग उसाचा रस, मग एका ओळखीच्या दुकानात काम काढून त्यांना गाडीतच बसवून ठेवलं. ते आले तेव्हा जबाब संपला होता आणि दाराशी पोलीस होते. रॉकेल सासूनं ओतलं होतं, काडी नवऱ्यानं लावली होती. रमाकांतचं दुकान वाढवायला ती माहेरून पैसे आणत नाही, एवढंच कारण. कुकर दुसऱ्या दिवशी सकाळी परसात नेऊन दगडानं ठेचला होता. तिच्या लग्नात भावानंच दिलेला तो कुकर.

तरीही जबाबाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात आला तो खोत साहेबांचा हात जोडलेला फोटो, पहिल्या पानावर, चांगला मोठा. रमाकांतच्या अटकेची बातमी नंतर आली, आतल्या पानावर, कुकरचा उल्लेखही न करता. मी संपादकांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, ते जुनं झालं." मी साहेबांना म्हटलं, आता आपण जाहिरात देऊ, खरं काय ते छापू.

"त्या पोरीचं नाव घालून?"

"नावाशिवाय कुणाचा विश्वास बसणार?"

"मग राहू दे. तिची कातडी अजून भरून यायचीय. आपल्या कुकरासाठी तिला गावभर फिरवायची नाही."

ते वर्ष फार वाईट गेलं. आमच्याशी स्पर्धा करणारे विक्रेते तो फोटो खिशात घेऊन फिरायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचे. साहेबांनी एक पाळी बंद केली. सबनीसांनी दुसरी नोकरी धरली. जाताना ते मला म्हणाले, "साहेबांनी केलं ते बरोबरच होतं हो. पण मला झेपलं नाही." मुजावर गावोगावी फिरून लोकांचे कुकर तपासत होते, जुन्या रिंगा बदलून देत होते. मी रोज टेबलाशी बसायचे आणि माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नसायचं.

पुढल्या वर्षी डीलरांचा मेळावा होता. निम्मेसुद्धा आले नव्हते. साहेब बोलायला उभे राहणार, एवढ्यात सभागृहाच्या दारात श्रीमंत दिसला. त्याच्यामागून वैजयंता आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मुजावर एकदा रिंगा बदलायला मिरजेला गेले असताना श्रीमंत त्यांना भेटला होता, तेव्हा त्याला कारखान्याची हकिकत कळली होती, एवढंच.

साहेब पुढे झाले. "ताई, तुम्ही कशाला आलात? काही गरज नाही."

"मला बोलायचंय, साहेब."

"अहो, लोक बघतील, नाना तऱ्हेचं विचारतील."

"इचारू देत. खटल्यात वकिलानं इचारलंय की सगळं."

ती समोर जाऊन उभी राहिली. मानेभोवती घट्ट घेतलेला पदर तिनं खाली केला. पहिल्या रांगेतल्या एकानं मान वळवली.

"मी वैजयंता. तुमचा कुकर फुटून भाजली म्हणून पेपरात आलं ती मीच. मी तवा खोटं सांगितलं. कुकर फुटला न्हवता. मला पेटवली होती."

मागून एक वयस्कर डीलर उठले, अथणीकडचे होते. "बाई, मग कंपनीनं तेव्हाच का नाही सांगितलं? आम्ही वर्षभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या."

"ह्यांना माहीत होतं," ती साहेबांकडे बघून म्हणाली. "पहिल्याच दिवशी माहीत झालतं. पण माझी पोरगी त्या घरात होती. ह्यांनी ते सांगितलं असतं तर ती मला मिळाली नसती. म्हणून हे बोलले न्हाईत." मग म्हणाली, "आता राणी बालवाडीत जाते."

ते डीलर उभेच राहिले. त्यांना बसायचं सुचेना. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मेळावा पुढे चालू झाला तेव्हा लोक हळू आवाजात बोलत होते. त्या वर्षी तुटलेल्या काही ऑर्डरी पुन्हा मिळाल्या, काही मिळाल्याच नाहीत. पुढे रमाकांतला शिक्षा झाली आणि त्याची आई सुटली, याचा मला अजून राग येतो.

त्या दिवशी मेळाव्यात मधेच साहेब कुठे दिसेनात म्हणून मी बघायला गेले. ते मागच्या अंगणात नळाशी वाकून तोंडावर पाणी मारत होते. बराच वेळ मारत होते. मी रुमाल पुढे केला. तो त्यांनी घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या दोघांना जेवल्याशिवाय सोडू नका. पानं मांडायला सांगा. मी आलोच."